बत्तीस दिवसांचा ‘जुगारी’

क्विझ संपली की हरलेल्या संघांची चहाला बैठक बसते आणि खरी भांडणं तिथे होतात. मागच्या महिन्यात अशाच एका बैठकीत जेम्स होल्झहावरचा विषय निघाला. २०१९ साली अमेरिकेतल्या ‘जेपर्डी!’ या कार्यक्रमात सलग बत्तीस सामने जिंकून २४,६२,२१६ डॉलर घरी नेणारा लास व्हेगासचा हा गृहस्थ. पोटापाण्याचा धंदा म्हणजे खेळांच्या निकालांवर पैजा लावणं. आमच्यातले एक ज्येष्ठ क्विझमास्टर, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, कप बशीत ठेवत म्हणाले, ‘‘तो कसला क्विझर? जुगारी तो. विद्वान म्हणायचं तर केन जेनिंग्जला म्हणा.’’ जेनिंग्ज म्हणजे त्याच कार्यक्रमाचा जुना महाविजेता. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला.

त्या वर्षी अमेरिकेतही बऱ्याच लोकांनी हाच निकाल दिला होता. वॉशिंग्टनच्या एका बड्या दैनिकात एका स्तंभलेखकाने या माणसाला टाळ्या देणं थांबवा, तो खेळ मोडतोय, अशा आशयाचा लेख लिहिला. समर्थकांचं उत्तरही तितकंच उथळ होतं: पैसे जिंकले ना, मग झालं! एका बाजूला ज्ञानाची सोवळी कल्पना, दुसऱ्या बाजूला रोकड. खेळाचे नियम उघडून बघायची तसदी मात्र फार थोड्यांनी घेतली.

माझं मत आधीच सांगून टाकतो. होल्झहावरने खेळ मोडला नाही, तो नीट वाचला. आणि ‘हे ज्ञान नाही, जुगार आहे’ या आरोपात ज्ञानाबद्दलचीच एक तोकडी समजूत दडलेली आहे. आपल्याला काय येतं हे एक ज्ञान. आपल्याला ते किती खात्रीने येतं हे दुसरं. दुसरं पहिल्याहून दुर्मीळ असतं. त्याच्याविरुद्ध खरोखर वजनदार असे दोन-तीन मुद्दे आहेत, पण ते त्या चहाच्या टेबलावर कोणी काढलेच नाहीत. ते मीच पुढे काढणार आहे.

आधी खेळ. आपल्याकडे क्विझ म्हटलं की ‘कौन बनेगा करोडपती’ डोळ्यांसमोर येतं. २००० साली मुंबईचा हर्षवर्धन नवाथे, प्रशासकीय सेवेची तयारी करणारा तरुण, पहिला करोडपती झाला तेव्हा घराघरांत त्याचं कौतुक झालं. त्या खेळात गरम खुर्चीवर बसल्यानंतर समोर प्रतिस्पर्धी नसतो. एक माणूस, एक शिडी, समोर अमिताभ. म्हणून आपल्या मनात क्विझचं चित्र तपश्चर्येचं आहे: साधक एकटा बसलाय, परीक्षा घेणारी देवता प्रसन्न होतेय. ‘जेपर्डी!’ हा तसा खेळच नाही. तिथे तिघं एकाच वेळी उभे असतात आणि सगळे एकाच फळ्यावर तुटून पडतात. सहा विषय, प्रत्येकात पाच प्रश्न, वरून खाली कठीण होत जाणारे, २०० पासून १,००० डॉलरपर्यंत. दुसऱ्या फेरीत सगळ्यांची किंमत दुप्पट. बझर आधी दाबेल त्याला उत्तर देण्याचा हक्क, चुकलं तर तेवढीच रक्कम वजा. जिंकणारा दुसऱ्या दिवशी परत येतो. पूर्वी पाच विजयांनंतर सक्तीने निवृत्त व्हावं लागे; २००३ मध्ये ती अट गेली आणि पुढच्याच वर्षी सॉल्ट लेक सिटीचा सॉफ्टवेअर अभियंता केन जेनिंग्ज सलग ७४ सामने जिंकून २५,२०,७०० डॉलर घेऊन गेला.

या फळ्यावर तीन ठिकाणी ‘डेली डबल’ लपलेलं असतं, एक पहिल्या फेरीत, दोन दुसऱ्या फेरीत. ज्याच्या हाती लागेल त्याला एकट्यालाच उत्तर द्यायचं असतं. पण आधी पैज सांगायची, आणि त्या क्षणी फक्त विषय माहीत असतो, प्रश्न नाही. हवी तर सगळी पुंजी लावा. शेवटचा प्रश्न तिघांनाही, तोही असाच: विषय बघा, गुपचूप पैज लिहा, मग प्रश्न. म्हणजे पैज हा कोणी व्हेगासहून आणून खेळात सोडलेला रोग नव्हे. ३० मार्च १९६४ ला हा कार्यक्रम पहिल्यांदा दिसला तेव्हापासून ती त्याच्या हाडात आहे. पंचावन्न वर्षं बहुतेक खेळाडू ती भीत भीत लावत आले, इतकंच.

होल्झहावरने काय केलं? बहुतेक लोक वरच्या सोप्या २०० च्या प्रश्नापासून खाली उतरतात. तो तळाच्या १,००० पासून सुरू करायचा. चार-पाच उत्तरांत हाताशी चार-पाच हजार जमले की डेली डबल शोधायला निघायचा. ते बहुतेकदा खालच्या ओळींत असतं, सगळ्यात वरच्या ओळीत जवळजवळ कधीच नाही, हे नेमाने कार्यक्रम पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. सापडलं की दोन्ही हातांनी ढकलल्याची खूण करून सगळी रक्कम पणाला. १७ एप्रिल २०१९ च्या भागात शेवटच्या प्रश्नाआधी त्याच्याकडे ७१,११४ डॉलर होते. त्याने ६०,०१३ लावले आणि १,३१,१२७ वर दिवस संपवला. त्याच्याआधी एका दिवसाचा विक्रम ७७,००० चा होता, २०१० साली रॉजर क्रेगने केलेला. होल्झहावरची बत्तीस विजयांची सरासरी ७६,९४४ भरते. दुसऱ्याच्या आयुष्यातला सर्वोत्तम दिवस याचा रोजचा दिवस होता.

‘‘मग तेच ना, पैजेचा खेळ!’’ सर म्हणतील. पण उत्तरं बरोबर आली नसती तर याच पैजांनी त्याला दुसऱ्या दिवशीच घरी पाठवलं असतं. त्याने दिलेल्या उत्तरांतली शंभरात साधारण सत्त्याण्णव बरोबर होती. हे ज्ञान त्याने कमावलं कुठे? वाचनालयाच्या बालविभागात. मोठ्यांचं पुस्तक हातात घेतलं की आपल्याला झोप येते, मुलांच्या माहितीपर पुस्तकांत चित्रं असतात, गोष्टी असतात, डोक्यात राहतात, असं तो सांगायचा. विद्वानाचं हे रूप आपल्याला पटत नाही. चष्मा, जाड ग्रंथ, कपाळावर आठ्या असलं काही असतं तर कदाचित चाललं असतं.

आता हिशेब. समजा तुमची दहापैकी नऊ उत्तरं बरोबर येतात आणि डेली डबल लागतं तेव्हा हाताशी ५,००० असतात. दर वेळी १,००० लावलेत तर दहा वेळांत नऊ हजार मिळाले, एक हजार गेला, निव्वळ आठ हजार. दर वेळी पाचही हजार लावलेत तर निव्वळ चाळीस हजार. दहापैकी नऊ उत्तरं बरोबर देणाऱ्या माणसाने हजारच का लावावेत? कारण एकदा पडलो तर लोक काय म्हणतील! या संकोचाला आपण नम्रता म्हणतो आणि तो ज्याच्यात नाही त्याला जुगारी. पण स्वतःच्या अचूकतेचा अंदाज नसलेला खेळाडू त्या पैजेत आपलं एक अज्ञानच जाहीर करत असतो, स्वतःविषयीचं.

हे परकं वाटत असेल तर सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन विचारा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चुकलेल्या उत्तराला प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापतात. चार पर्यायांतला एकही बाद करता येत नसेल तर ठोकून दिलेल्या उत्तराचा सरासरी हिशेब शून्यावर येतो. एक जरी पर्याय खात्रीने बाद झाला की पारडं तुमच्याकडे झुकतं. किती प्रश्न सोडवायचे, किती सोडायचे यावर तिथली पोरं रात्र-रात्र वाद घालतात. त्यांना कोणी जुगारी म्हणत नाही. आमच्या क्विझच्या वर्तुळात तर ‘पाउन्स’ आहेच. प्रश्न आपल्यापर्यंत फिरत येण्याआधी चिठ्ठीवर उत्तर लिहून द्यायचं, बरोबर तर गुण, चूक तर उणे. गेली कित्येक वर्षं आम्ही आठवडी क्विझमध्ये हेच करत आलोय आणि सर स्वतः त्यात वाघ आहेत.

पण या वादाचा खरा निकाल लागतो तो होल्झहावर हरला त्या दिवशी. ३ जून २०१९ चा भाग. प्रक्षेपणाआधीच त्यातला एक तुकडा बाहेर फुटला आणि लोक चवताळले: एवढा पैजबहाद्दर, शेवटच्या प्रश्नावर फक्त १,३९९ डॉलर लावतो? मुद्दाम हरला! जेनिंग्जचा एकूण विक्रम मोडायला ५८,४८४ डॉलर कमी पडत असताना मुद्दाम हरला, असं म्हणणाऱ्यांनी कागद-पेन्सिल घेतली नव्हती. आपण घेऊ. शेवटच्या प्रश्नाआधी शिकागोची ग्रंथपाल एमा बॉटचर २६,६०० वर होती, होल्झहावर २३,४०० वर, तिसरा स्पर्धक ११,००० वर. आघाडीवरची बॉटचर शहाणी असेल (आणि ती होती) तर होल्झहावरने सगळं लावलं तरी त्याच्या एक डॉलर पुढे राहील एवढं लावणार. त्याच्या दुपटीला, म्हणजे ४६,८०० ला, एक डॉलर पुढे. त्यासाठी २०,२०१ लागतात. तिचं उत्तर बरोबर आलं तर त्याने काहीही लावलं तरी तो हरलेलाच. तिचं चुकलं तर ती ६,३९९ वर कोसळते, आणि मग त्याला भीती उरते ती फक्त तिसऱ्याची. तिसरा दुप्पट करून फार तर २२,००० होईल. २३,४०० तून १,३९९ गेले तर उरतात २२,००१. म्हणजे बॉटचर चुकली तर स्वतःचं उत्तर चुकलं तरी विजय पक्का. याहून एक डॉलर जास्त लावणं म्हणजे निष्कारण धोका, आणि फायदा काहीच नाही.

प्रश्न इंग्रज नाटककार ख्रिस्तोफर मार्लोच्या अकाली मृत्यूबद्दलचा होता. तिघांनीही बरोबर सांगितलं. बॉटचरने बरोबर २०,२०१ च लावले होते. ती ४६,८०१ वर जिंकली. होल्झहावर २४,७९९ वर थांबला. जुगारी माणूस विक्रमाच्या उंबऱ्यावर सगळं लावून मोकळा झाला असता, टाळ्याही मिळाल्या असत्या. हा मोठी पैज लावणारा माणूस नव्हता, योग्य पैज लावणारा होता. ती कधी ६०,०१३ असते, कधी १,३९९.

आपल्या कानाला ‘पैज’, ‘पण’, ‘द्यूत’ हे शब्द ऐकले की लगेच युधिष्ठिर आठवतो, शकुनी आठवतो, भरसभा आठवते. साहजिक आहे. पण त्याच महाभारतात, वनपर्वात, द्यूतात सर्वस्व गमावून बसलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी एक गोष्ट सांगतात, तिचा मध्य आपण विसरतो. नळही द्यूतात राज्य हरलेला. बाहुक नावाने तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झालाय आणि रथ विदर्भाकडे, दमयंतीच्या माहेरी, भरधाव चाललाय. वाटेत एक बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण चालत्या रथातून फांद्यांवरची पानं-फळं किती ते सांगतो. नळाला पटत नाही. उशीर होत असतानाही तो रथ थांबवतो, झाड पाडतो, फळं मोजतो. संख्या तंतोतंत! मग देवघेव होते: नळ घोड्यांची विद्या देतो आणि ऋतुपर्णाकडून अक्षहृदय घेतो, फाशांचं मर्म. ते कळताच त्याच्या अंगातला कली बाहेर पडतो. पुढे त्याच फाशांनी तो पुष्कराकडून राज्य परत जिंकतो. आणि गोष्ट संपल्यावर बृहदश्व युधिष्ठिरालाही तीच विद्या देतात. फाशांना हात लावू नकोस, असं ते सांगत नाहीत. मोजायला शीक म्हणतात. जुगाराचा उतारा म्हणून मोजण्याची विद्या सांगणारी परंपरा आपल्या घरात असताना आपण एका मोजणाऱ्यालाच जुगारी ठरवावं?

इतिहासातला दुसरा दाखला अधिक बोचरा आहे, कारण तो अमेरिकन टीव्हीचाच आहे. १९५६ च्या अखेरीस ‘ट्वेंटी-वन’ नावाच्या क्विझमध्ये चार्ल्स व्हॅन डोरेन नावाचा कोलंबिया विद्यापीठातला देखणा, घरंदाज तरुण प्राध्यापक अवतरला. आवाजबंद काचेच्या कोठडीत उभा राहून तो विचार करायचा, अडखळायचा, कपाळ टिपायचा आणि शेवटच्या क्षणी उत्तर सापडल्यासारखं बोलायचा. देश वेडा झाला. ‘टाइम’ने त्याला मुखपृष्ठावर घेतलं. १,२९,००० डॉलर जिंकून तो बाहेर पडला. त्याच्याआधीचा विजेता हर्बर्ट स्टेम्पेल हा क्वीन्समधला साधा माणूस, दिसायला बेंगरूळ, प्रेक्षकांना फारसा न रुचलेला. त्याला निर्मात्यांनी हरायला सांगितलं होतं. उत्तरं दोघांनाही आधीच पुरवली जात होती. घाम पुसण्याच्या, थांबण्याच्याही तालमी होत होत्या. २ नोव्हेंबर १९५९ ला व्हॅन डोरेनने अमेरिकन संसदेच्या उपसमितीपुढे सगळं कबूल केलं.

यातला जो भाग मला अजून छळतो तो फसवणुकीचा नाही. निर्मात्यांना ठाऊक होतं की लोकांना ज्ञान नको असतं, ज्ञानाचं दर्शन हवं असतं. अडखळणं, घाम, सात्त्विक चेहरा. ते पुरवलं तर आत काही नसलं तरी चालतं. होल्झहावर याच्या नेमका उलट. आत सगळं होतं, बाहेरचं दर्शन चुकीचं होतं: झटपट उत्तरं, मिश्कील हसू, हातांची ती उर्मट खूण. लबाडाला डोक्यावर घेणारा आणि प्रामाणिक माणसाला खेळ मोडणारा म्हणणारा प्रेक्षक एकाच जातीचा आहे. विशेष म्हणजे ‘जेपर्डी!’ जन्माला आला तोच या घोटाळ्याच्या राखेतून. क्विझ या शब्दालाच टीव्हीवाले घाबरत होते तेव्हा विमानप्रवासात ज्युलॅन ग्रिफिन हिने नवऱ्याला, या कार्यक्रमाचा जनक मर्व्ह ग्रिफिनला, सुचवलं की स्पर्धकांना उत्तरंच देऊन टाक आणि प्रश्न विचारायला लाव. ५,२८०! एका मैलात किती फूट?

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते.

पहिलं, बझर. प्रश्न पूर्ण वाचून झाल्यावरच बझर उघडतो. आधी दाबलं तर तुम्ही क्षणभर कुलूपबंद होता. उत्तर तिघांनाही येत असतं आणि जिंकतो तो अंगठ्याची लय पकडलेला. त्यात एका दिवशी पाच-पाच भागांचं चित्रीकरण होतं, म्हणजे दुपारपर्यंत जेत्याचा हात त्या मंचावर बसलेला असतो आणि नव्या स्पर्धकाचे पाय लटपटत असतात. आयुष्यात एकदाच मिळणारी संधी, त्यासाठी कितीतरी वर्षं तयारी, आणि नशिबी येतो विसाव्या दिवशीचा होल्झहावर. हे अन्यायकारक आहे, मी अमान्य करत नाही. पण हा अन्याय कोणाचा? ७४ सामने जिंकणाऱ्या जेनिंग्जसमोर दीडशेच्या आसपास माणसं अशीच चिरडली गेली, आणि तो ‘खरा विद्वान’. तक्रार पाच विजयांची अट काढून टाकणाऱ्या निर्मात्यांकडे न्यायला हवी. ती अट परत आणा म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. माझाही कल तिकडेच आहे.

दुसरं, त्याच्या धंद्याचा फायदा. वीस हजार डॉलर एका झटक्यात गेले तरी ज्याची झोप उडत नाही अशा माणसासमोर शाळेतल्या शिक्षकाने कसं टिकायचं? मान्य. फक्त असा फायदा प्रत्येकाकडे काही ना काही असतोच. बॉटचरने पदव्युत्तर अभ्यासात याच कार्यक्रमाच्या प्रश्नांची काठिण्यपातळी शब्दांवरून ओळखता येते का हे तपासलं होतं. रॉजर क्रेगने जुने प्रश्न संगणकाला चाळायला लावून तयारी केली होती. बॉटचरनेही डेली डबलवर मोठ्या पैजा लावल्या. तिला कोणी जुगारी म्हटलं नाही. का? ग्रंथपाल होती म्हणून?

तिसरा मुद्दा मला खरोखर अडवतो. ‘जेपर्डी!’चे प्रश्न लिहिणारे लोक प्रत्येक विषय वरून खाली विणतात. वरच्या सोप्या प्रश्नात विषयाच्या नावातला श्लेष उलगडतो, दुसऱ्यात लय सापडते, पाचव्यात दमछाक होते. घरी बसलेला माणूस त्या पायऱ्या उतरत खेळतो. तळापासून सुरुवात करून फळ्यावर उड्या मारणारा खेळाडू ही वीण उसवतो. सूत्रसंचालक ॲलेक्स ट्रेबेक यांनीही अशा उड्यांबद्दल नाराजी बोलून दाखवली होती. मीही कधीमधी क्विझ रचतो. क्रम बिघडला की प्रश्नाचा जीव जातो हे मला माहीत आहे. तेव्हा इथे मी अर्धा हरतो. उरलेला अर्धा एवढाच, की उड्या मारणं होल्झहावरने सुरू केलं नाही. १९८५ मध्ये चक फॉरेस्ट नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने प्रतिस्पर्ध्यांना गोंधळवण्यासाठी तेच केलं होतं, २०१४ मध्ये आर्थर चूने डेली डबल हुडकण्यासाठी. चूने एकदा क्रीडाविषयक डेली डबलवर फक्त ५ डॉलर लावले होते, कारण खेळांतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही हे त्याला कळत होतं. लोकांनी त्याचाही भरपूर राग केला.

हे सगळं आपण क्रिकेटमध्ये पाहिलेलं आहे. ७ जून १९७५, लॉर्ड्स, पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस. इंग्लंडच्या साठ षटकांत ३३४. उत्तरादाखल सुनील गावसकर डावभर उभा राहिला: १७४ चेंडू, नाबाद ३६. भारत ३ बाद १३२. त्या दिवशी मैदानावर गावसकरहून फलंदाजी जास्त समजणारा माणूस कोण होता? पण फळ्यावर एक खेळ चालला होता आणि तो दुसराच खेळत होता. १९९२ च्या विश्वचषकात न्यूझीलंडच्या मार्क ग्रेटबॅचने पहिल्या पंधरा षटकांत क्षेत्ररक्षक आत असतात याचा अर्थ काय ते दाखवलं. सगळ्यांनी पाहिलं, ‘वा’ म्हटलं आणि विसरले. १९९६ मध्ये जयसूर्या आणि कालुवितरणा यांनी त्याचा रोजचा रिवाज केला. दिल्लीत सचिनचं १३७ वाया गेलं, मनोज प्रभाकरच्या पहिल्या दोन षटकांत तेहेतीस धावा निघाल्या आणि शेवटी तो बिचारा फिरकी टाकू लागला. ‘हे काय क्रिकेट? ही हाणामारी’ असं तेव्हा आमच्याकडे सगळी वडीलधारी मंडळी म्हणाली. दोनच वर्षांपूर्वी, मार्च १९९४ मध्ये, ऑकलंडला सचिनने सलामीला येऊन ४९ चेंडूंत ८२ कुटल्या होत्या, ती मात्र हाणामारी नव्हती. तो आपला होता ना.

कोणी म्हणेल, मग पुढे काय झालं बघा, संयमाने खेळणारा फलंदाजच दुर्मीळ झाला, ‘जेपर्डी!’चंही तसंच होणार. ही भीती २०१९ मध्ये पुष्कळांनी बोलून दाखवली. पुढे काय घडलं ते नोंदलेलं आहे. जानेवारी २०२० मध्ये जेनिंग्ज, होल्झहावर आणि आणखी एक जुना विजेता ब्रॅड रटर या तिघांत सर्वश्रेष्ठ कोण हे ठरवायला खास सामने झाले. जेनिंग्ज तीन जिंकला, होल्झहावर एक, आणि दहा लाख डॉलर जेनिंग्जला मिळाले. जिंकला कसा? डेली डबलवर सर्वस्व लावून! पंधरा वर्षांपूर्वी तो असा खेळत नव्हता. ‘खऱ्या विद्वाना’ने ‘जुगाऱ्या’ची विद्या घेतली, नळाने ऋतुपर्णाची घेतली तशी, आणि त्याच्यावरच उलटवली.

आणि २०२१ च्या नोव्हेंबरात एमी श्नायडर आली. ती बहुतांशी जुन्या पद्धतीने, वरून खाली, शांतपणे खेळायची. तिची सरासरी होल्झहावरच्या निम्म्याहून कमी, ३४,५७०. पण ती चाळीस सामने जिंकली, त्याच्याहून आठ जास्त. तिच्या थोडं आधी अडतीस सामने जिंकलेला मॅट अमोडिओ होल्झहावरच्या वाटेने, तळापासून वर जाणारा. म्हणजे दोन्ही पद्धती एकाच फळ्यावर नांदल्या. होल्झहावरने खोऱ्याने ओढलं, श्नायडर जास्त दिवस टिकली. दोन विक्रम दोन वेगळ्या गोष्टी मोजतात आणि खेळ दोन्हींना पुरून उरला.

हे सगळं मी त्या दिवशी सरांना इतक्या नीट सांगू शकलो नाही. चहा संपला होता. पुढच्या रविवारच्या क्विझमध्ये मात्र शेवटून दुसऱ्या प्रश्नाला त्यांचा संघ पंधरा गुणांनी पुढे होता. उत्तर त्यांना येत होतं, मी शेजारच्या टेबलावरून त्यांचा चेहरा पाहिला. चिठ्ठीवर लिहिलं, क्षणभर गुणफलकाकडे बघितलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले आणि चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. पाउन्स केलाच नाही. मी विचारलं, ‘‘का हो सर?’’

‘‘गरज काय होती?’’ ते म्हणाले. ‘‘उरलेले दोन्ही प्रश्न बाकीच्यांना आले असते तरी आम्हीच पुढे होतो.’’